मदत हवी आहे : जुईच्या वेलात बुलबुलचं घरटं आणि सोसायटीचं रंगकाम

नमस्कार मंडळी. गॅलरीतल्या जुईच्या वेलात लालबुड्या बुलबुलच्या जोडीने वाटीएवढं घरटं केलंय, बारीक काड्या आणि कोळ्याची जाळी गुंफून. आत तीन अंडी, गुलाबीसर, वर तांबूस-जांभळे ठिपके. फार देखणी आहेत! पण पुढच्या आठवड्यात रंगकामासाठी नेमकी आमच्याच बाजूला परांची बांधणार आहेत. अंडी साधारण १४ दिवसांत फुटतात, पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे महिनाभर तरी ही बाजू थांबवायला हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा आधार देऊन कमिटीला कोणी पत्र दिलंय का? मजकूर मिळेल का? वेलासमोर शेडनेट लावली तर जोडी घरटं सोडून जाईल का? आणि कठड्यावर सारखा कावळा येतोय, त्यावरही उपाय सांगा.