सरड्याची पितळी अंगठी: पश्चिम आफ्रिकेची?

प्रश्न: चोर बाजारात घेतलेल्या या ओतीव पितळी अंगठीवर शेपटी गुंडाळलेला सरडा आहे, तो कशाचे चिन्ह असावा आणि तिचा जुनेपणा कसा ओळखावा?

उत्तर १: शेपटीच्या वेटोळ्यावरून तो शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) दिसतो. माली, बुर्किना फासो आणि आयव्हरी कोस्ट येथील सेनुफो लोक मगर, कासव, अजगर व धनेश यांच्याबरोबर त्याला सृष्टीतील आद्य प्राण्यांत गणतात. रानरेड्याचे मुंडके असलेली मोठी अंगठी तर दीक्षा घेतलेले पुरुष अंत्यविधीत दातांत धरीत, म्हणजे मौन आपोआपच पाळले जाई!

उत्तर २: आपल्या ढोकरा कामाप्रमाणे (मेणाच्या साच्यातून पितळ ओतण्याची आदिवासी कला) पश्चिम आफ्रिकेतही मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचा साचा चढवतात आणि ओतकामानंतर तो फोडतात, त्यामुळे प्रत्येक नग वेगळा होतो आणि हुबेहूब जोड मिळाल्यास शंका घ्यावी. कडांची झीज भिंगातून पाहावी, नुसत्या काळपटपणावर मात्र भरवसा ठेवू नये, कारण तो मुद्दाम आणता येतो.