चार्जिंग तुटतंय? आधी अर्थिंग बघा

चार्जर लावला की पाच मिनिटांत लाल दिवा, म्हणून प्लग-इन हायब्रिड (पेट्रोलबरोबरच घरच्या सॉकेटवर चार्ज होणाऱ्या बॅटरीवरही चालणारी गाडी) कोकणात बिनकामाची, असं कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. बहुतेक वेळा खोट अर्थिंगची असते. जांभ्यात पाणी ठरत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि चार्जर सुरक्षेसाठी बंद होतो. मल्टिमीटरने सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. ५ व्होल्टच्या वर गेलं तर वायरमनला बोलवा. खड्ड्यात भरलेल्या मीठ-कोळशाने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप लवकर गंजतो (खारी हवा आहेच मदतीला!), त्यापेक्षा तांब्याचा मुलामा दिलेला ३ मीटरचा रॉड आणि बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी माती) बरं. सॉकेटला ४ चौरस मिमी तांब्याची स्वतंत्र वायर ओढा.

१० अँपिअरवर १८ युनिटची बॅटरी भरायला आठ-नऊ तास, म्हणजे रात्रभर. चार्जच करायची नसेल तर मात्र साधी हायब्रिड (बाहेरून चार्ज करावी न लागणारी) घ्या, उगाच दीडेकशे किलोची बॅटरी कशाला वाहायची?