जहाजांच्या इंधनावरील निर्बंध किनारी शहरांच्या हवेसाठी पुरेसे आहेत का?

चर्चाप्रस्ताव

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली. नियम आवश्यकच होता. पण त्यामुळे किनारी शहरांचा प्रश्न सुटला, असे मानणे मला धोक्याचे वाटते. धक्क्याला लागलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन थांबले, तरी दिवे, पंप आणि शीतकरणासाठी त्याची जनित्रे चालूच राहतात व तो धूर थेट वस्तीत शिरतो. म्हणून मोठ्या बंदरांत जहाजांना किनाऱ्यावरून वीज घेणे सक्तीचे करावे.

प्रतिसाद : असहमत

केवळ धक्क्यावरचा धूर मोजला, तर गंधकाचे खरे नुकसान नजरेआड होते. सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात, ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात आणि श्वासावाटे फुप्फुसांत खोलवर पोचतात. त्यामुळे भर समुद्रातल्या जहाजावरचा नियमही शहराच्या हवेचाच नियम ठरतो. बाल्टिक आणि उत्तर समुद्रात २०१५ पासून ०.१ टक्क्याची मर्यादा आली आणि तिथल्या किनाऱ्यांवर सल्फर डायऑक्साइड स्पष्टपणे घटला. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रातही हीच मर्यादा लागू आहे. असे पट्टे वाढवणे अधिक फलदायी आहे. किनाऱ्यावरची वीज कोळशाची असेल, तर धूर फक्त जागा बदलेल.

चर्चाप्रस्तावकाचे उत्तर

जागा बदलणे हीच येथे महत्त्वाची गोष्ट आहे, कारण वीजकेंद्राची चिमणी उंच असते आणि तिच्यावर धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवता येते. त्याहून गंभीर मुद्दा नायट्रोजन ऑक्साइडचा आहे. ते इंधनातील गंधकातून नव्हे, तर सिलिंडरमधल्या प्रचंड उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतात. गंधक काढल्याने ते हटत नाहीत. त्यांच्यावरील सर्वांत कडक मर्यादा फक्त नव्या जहाजांना आणि तीही ठरावीक समुद्रपट्ट्यांतच लागू होते, तर जहाजे पंचवीस-पंचवीस वर्षे चालतात. शहरांनी तोवर वाट का पाहावी? कॅलिफोर्नियाने २०१४ पासूनच कंटेनर आणि प्रवासी जहाजांच्या ताफ्यांना धक्क्यावरील जनित्रांचा वापर घटवणे भाग पाडले आहे.

आणखी एक प्रतिसाद

दोघांनीही स्क्रबरचा विचार केलेला नाही. हे धूर धुणारे यंत्र बसवले की जास्त गंधकाचे स्वस्त तेल जाळण्याची मुभा मिळते आणि खुल्या पद्धतीच्या यंत्रातले आम्लधर्मी पाणी समुद्रातच सोडले जाते. हवा राखण्याची किंमत बंदरातल्या पाण्याने का मोजावी? कोणतीही नवी मर्यादा आणताना ही पळवाट आधी बंद झाली पाहिजे.