बदामाचा हट्ट सोडा, शेंगदाण्याला मान द्या

माणदेशी
मुलांची परीक्षा जवळ आली की घरोघरी बदाम भिजत पडतात. किराण्यात इतर गोष्टींना कात्री लावतील, पण बदाम हवेतच. शेंगदाणे बिचारे कुटापुरते! शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात, बदामात २१. किमतीचं तर बोलायलाच नको. ज्या घरात दूध-अंडी मोजून येतात, तिथे रोज मूठभर भाजलेले दाणे खावेत, बदामाच्या मागे लागू नये.

वसईकर
ताई, साफ असहमत. प्रथिनं डाळीतूनही मिळतात. ई जीवनसत्त्व बघा : शंभर ग्रॅम बदामात २५ मिलिग्रॅमच्या आसपास, दाण्यात जेमतेम ८. शिवाय २०१३चा स्पेनमधला 'प्रेडिमेड' अभ्यास आहे (त्रुटी दुरुस्त करून २०१८मध्ये पुन्हा छापला). हृदयविकाराचा धोका असलेल्यांना भूमध्यसागरी आहारासोबत (ऑलिव्ह तेल, भाज्या, फळं, कडधान्यं, मासे यांवर भर असलेलं जेवण) रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट दिले. कमी चरबीचा आहार सांगितलेल्या गटापेक्षा त्यांच्यात हृदयविकार-पक्षाघात मिळून प्रमाण कमी दिसलं. शेंगदाणा त्यात नव्हता. आणि दमट हवेत दाण्याला बुरशी लागते, तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष यकृताला घातक.

माणदेशी
बुरशीसाठी दाणे निवडूनच घ्यायचे. सुरकुतलेला, काळपट, खवट दाणा सरळ फेकायचा; भाजून ते विष पुरतं जात नाही. पण त्या ३० ग्रॅममध्ये बदाम साडेसातच ग्रॅम होते, निम्मे अक्रोड. आणि बाकीचं जेवणही बदललेलं. मग सगळं श्रेय बदामाला कसं?

डब्यातली_पोळी
प्रमाणाचं कुणीच बोलत नाही! ३० ग्रॅम दाण्यांत १७० किलोकॅलरी, बदामातही जवळपास तेवढ्याच. उपवासाला खिचडीत कूट, सोबत दाण्याची आमटी, दुपारी चिक्की, आणि वर 'हृदयासाठी' बदाम? चारच्या चहाबरोबरचं फरसाण बंद करून त्या जागी दाणे किंवा बदाम घ्या, तर उपयोग. खारे नकोत, ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तर नकोच. आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. कूट करून द्या.

वसईकर
फरसाणाचं पटलं. तरी माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांच्यासाठी अक्रोड येणारच. शंभर ग्रॅम अक्रोडात ९ ग्रॅम ओमेगा-३ (हृदयाला चांगली मानली जाणारी चरबी) असतं, दाण्यात नगण्य.

माणदेशी
त्यांच्यासाठी जरूर आणा, दादा. माझा वाद पोरांच्या बदामांशी आहे.