घडवलेल्या वस्तूला पीएचडी का नको?

रेघोटी: डिझाइनच्या पीएचडीत वस्तू म्हणजे प्रबंधाचं परिशिष्ट, असंच अजून धरलं जातं. मला हे अन्यायाचं वाटतं. जयपूर फूट हा कृत्रिम पाय घ्या. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूरला तो घडवला. तोवरचे कृत्रिम पाय बुटात घालायचे. ते लावून उकिडवं बसणं, मांडी घालणं, अनवाणी शेतात उतरणं अवघड. घोटा किती बाजूंना वळू द्यायचा, आणि तरी उभं राहताना माणूस डगमगू नये, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर रबर, लाकूड आणि टायरची दोरी साच्यात घालून, व्हल्कनाइझ करून (म्हणजे रबर तापवून पक्कं करून), माणसाला चालवून बघण्यातच मिळालं. याला संशोधन म्हणायचं नाही?

तळटीप: शोध आहेच. पण पीएचडी दुसऱ्याला तपासता येईल अशा ज्ञानाला मिळते. पाय चालतो हे बघून कळतं. कुठल्या वजनाला मोडेल, कुणाला बसणार नाही, हे बघून कळत नाही. सेठी आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली या पायावर शोधनिबंध छापला, म्हणून तर तो दूरच्या डॉक्टरांना अभ्यासता आला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली डिझाइन-संशोधनाच्या तीन वाटा मांडल्या. ज्यात विचार वस्तूतच मुरलेला असतो, ती वाट त्यांनाही काटेरी वाटली होती.

रेघोटी: म्हणजे निबंध छापला नसता, तर त्या पायातलं ज्ञान ज्ञानच ठरलं नसतं! ज्याच्या हातात ज्ञान आहे पण जो लिहीत नाही तो कारागीर बाहेर, आणि लिहिणारे आत. फक्त लिहिलेलंच मोजलं तर दर वेळी हेच होणार.

तळटीप: हा श्रेयाचा प्रश्न झाला, आणि त्यात तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यामुळे पुराव्याची अट सैल होत नाही. उद्या कुणी देखणी खुर्ची आणून ठेवली, तर परीक्षकाने नक्की काय तपासायचं?

चाकावरची माती: फसलेले नमुने तपासायचे. मी सिरॅमिक्स शिकवते. तडकलेली भांडी तारीख, मातीचं प्रमाण आणि भट्टीचं तापमान लिहून ठेवली, तर विद्यार्थ्याने कुठं काय बदललं आणि का, हे ओळीने दिसतं. खुर्चीचंही तसंच. शेवटची एकच वस्तू आणली तर मीही नापास करीन. पण सगळी मालिका टेबलावर आली, तर तिला शंभर पानांची प्रस्तावना कशाला हवी? आणि बहिःस्थ परीक्षकांत एक तरी हाताने काम करणारा असावा, त्याच्याकडे पदवी असो वा नसो.

तळटीप: नोंदींसकट मालिका असेल तर मला चालेल. पदवी नसलेला परीक्षक मात्र नाही.

रेघोटी: म्हणजे शर्मांनी घडवलेला पाय तपासायला शर्मांना बोलवायचं नाही?