बोअरचे जड पाणी आणि एंजल मासे: कमी खर्चात काय करता येईल?

प्रश्न (कळंब, जि. यवतमाळ)
आमच्याकडे ६० लिटरची काचेची टाकी असून नळाला बोअरचे पाणी येते. तपासणीत त्याचा एकूण जडपणा लिटरमागे ४८० मिलिग्रॅम निघाला. गप्पी आणि मोली याच पाण्यात पिल्ले देत आहेत. परंतु मुलीसाठी आणलेले एंजल पंख मिटून कोपऱ्यात उभे राहतात. तुरटी फिरवून किंवा पाणी उकळून जडपणा उतरेल काय? मोठे यंत्र घेणे आम्हाला शक्य नाही.

उत्तर (हिंगणघाट)
भाऊ, तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा जात नाही. उलट पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) घसरतो, म्हणून ती टाकीत टाकू नका. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तेवढा कमी होतो (भांड्याच्या तळाची पांढरी खपली तीच), सल्फेट आणि क्लोराइडचे क्षार मात्र तसेच राहतात. मी पावसाचे पाणी मिसळतो. टिनाच्या छपरावरचे पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्यावेत आणि नंतरचे पाणी झाकणाच्या ड्रममध्ये साठवावे. तो ड्रम फवारणीच्या औषधाचा मुळीच नसावा, कितीही धुतलेला असला तरी. शेजारच्या कपाशीवर फवारणी सुरू असेल, त्या दिवसांतले पाणीही मी घेत नाही. तीन भाग पावसाचे आणि एक भाग बोअरचे पाणी घेतल्यास आपला जडपणा १२० च्या आसपास येईल. निव्वळ पावसाचे पाणी भरू नका, कारण क्षारांचा आधार नसलेल्या पाण्याचा सामू एकाएकी कोसळतो. आठवड्याला १०-१५ टक्केच पाणी बदला.

उत्तर (दर्यापूर)
आमच्या खारपाणपट्ट्यात पाण्यात सोडियमही फार असल्याने उकळून उपयोग नसतो. मी गावच्या आरओ प्लांटवरून २० लिटरची कॅन आणून मिसळतो. घरगुती सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, त्यामुळे माशांसाठी तो कामाचा नाही. उन्हाळ्यात टाकीतले पाणी आटते, पण क्षार मागेच राहतात. आटलेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानेच घाला. टाकीत संगमरवराचे तुकडे किंवा शिंपले असतील तर ते काढा, त्यांनी जडपणा वाढतो. एंजल कोपऱ्यात उभे राहण्याचे कारण अमोनियाही असू शकते, तेव्हा त्याची तपासणी आधी करा.

प्रश्नकर्ता
तळाशी संगमरवराचे तुकडे होतेच; आजच काढले. अमोनियाची तपासणीही करतो. बदामाची वाळलेली पाने टाकावीत काय?

उत्तर (हिंगणघाट)
टाकण्यास हरकत नाही. पाणी तांबूस होईल आणि एंजलना ते मानवेल. मात्र एवढ्या जड पाण्यात त्या पानांनी जडपणा उतरत नाही, त्यासाठी पाणी मिसळावेच लागेल.