मामांना टीबी आणि एचआयव्ही दोन्ही, दोन फायली दोन लाइना, एकाच ठिकाणी होत नाही का?

टॉवेल_गल्ली:
सोलापूरकरांनो जरा सांगा. माझे मामा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. दीड महिन्यापूर्वी टीबी निघाला, मग रक्त तपासलं तर एचआयव्ही पण. आता टीबीच्या गोळ्या एकीकडं, एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या दुसरीकडं, वार पण वेगळे, त्यात मधेच सर्व्हर डाऊन म्हणून परत पाठवतेत, प्रत्येक खेपेला मामांचा खाडा. मामी विड्या वळतात, हजार पुऱ्या झाल्याशिवाय उठत नाहीत म्हणून सोबत मीच जायलोय. परवा टीबीच्या खिडकीवरच्या मॅडमनी विचारलं अजून कुठली औषधं चालू आहेत का, तर मामा गप्प. मागं लाइन होती, सगळे ऐकणार. मी पण गप्पच बसलो.

जुना_समुपदेशक:
राग मानू नका पण तिथंच चुकलं. लाइनीचं नंतर बघू, आधी गोळ्या बघा. टीबीच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं (लघवी केशरी होते ती त्याचीच, घाबरायचं नाही). त्यामुळं एआरटीतल्या डॉल्युटेग्रावीरचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून टीबीचा कोर्स संपेपर्यंत आणि वर २ आठवडे ते दिवसातून दोनदा लागतं, ५० मिग्रॅ, १२ तासांच्या अंतरानं. म्हणजे रोजची एकत्र गोळी एक आणि सुटी डॉल्युटेग्रावीर एक. मामांना ती सुटी मिळाली का? आपल्या मनानं काही वाढवू नका, डॉक्टरांना विचारा.
आणि दोन्ही आजार असलेल्याला टीबीची औषधं एआरटी सेंटरवरच द्यायची असा राष्ट्रीय कार्यक्रमाचाच नियम आहे. टीबीचं कार्ड आणि निक्षय आयडी (टीबीच्या सरकारी नोंदणीचा नंबर) घेऊन तिथल्या समुपदेशकाकडं जा, दार लावून बोलायला मिळतं.

टॉवेल_गल्ली:
आत्ताच डबी बघितली. टीबीच्या सोडल्या तर एकच गोळी आहे, रात्रीची 😟

बाराही_महिने_ऊन:
मला दोन्ही होतं भावा, आता ठणठणीत आहे. एआरटी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मानेत गाठ टरारून सुजली, ताप, मला वाटलं औषध बाधलं, बंदच करणार होतो. डॉक्टर म्हणाले प्रतिकारशक्ती परत जागी व्हायली की कधीकधी असं होतं, सोडायचं नाही. तर मामांना असं काही झालं तर लगेच दाखवा, वाट बघू नका.
मालकाला एचआयव्हीचं सांगायची काहीच गरज नाही, २०१७ चा कायदा आहे, टीबीचं सांगून सुट्टी मागा. निक्षय पोषणचे (टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारी मदत) महिन्याला १००० रुपये येतात (२०२४ च्या नोव्हेंबरपासून, आधी ५०० होते), खातं जोडलंय का बघा. आमचे तर चार महिने अडकले होते, एक आकडा चुकीचा टाकलेला, असो. काही अडलं तर १०९७ ला, एचआयव्हीच्या हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे.

पूर्व_भागातली:
सगळे मामांचंच बोलायलेत, मामींची तपासणी झाली का? दोन्हीची? आणि घरात लहान लेकरं असतील तर त्यांना टीबी नाही ना बघून प्रतिबंधाच्या गोळ्या देतात, ते पण विचारा.

टॉवेल_गल्ली:
नाही झाली ताई, मामी टाळत होत्या.

टॉवेल_गल्ली:
अपडेट: काल दोन्ही फायली एकाच पिशवीत घालून गेलो. सुटी गोळी मिळाली, सकाळी ९ ला ती आणि रात्री ९ ला जुनी, मामांच्या मोबाईलला गजर लावून दिला. टीबीच्या गोळ्या पण पुढच्या महिन्यापासून तिथूनच. मामी पण आल्या होत्या, रक्त दिलंय, रिपोर्ट यायचाय.